ग्रिब फाईल उघडत नाही, किंवा उघडते पण आकडे भलतेच येतात: कुठे कुठे बघायचं

हवामान अंदाजाची कच्ची फाईल, म्हणजेच ग्रिब, पहिल्यांदा डाउनलोड केली, पायथनमध्ये उघडायला गेलो आणि स्क्रीनभर एरर आला की बहुतेक जण लायब्ररी काढून परत टाकायला लागतात. त्यात अख्खी संध्याकाळ जाते आणि शेवटी कळतं की लायब्ररी ठीकच होती, फाईलच अर्धी उतरली होती. मी नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांच्या एका ग्रुपला गेली काही वर्षं पावसाचे आकडे काढून देतोय, गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आहे की नाही हे बघून लोक फवारणी ठरवतात, त्यामुळे माझा आकडा चुकला तर कुणाचं तरी महागाचं औषध धुऊन जातं नाहीतर बागेत डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय, जे नवीन शिकतायत त्यांनी ह्याच क्रमाने बघत जावं, म्हणजे आधी फाईल, मग डिकोडर (फाईल वाचून आकडे काढणारी लायब्ररी), मग आकडे, आणि आकड्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण एरर आला तर निदान कळतं तरी, चुकीचा आकडा गुपचूप येतो आणि तसाच पुढे जातो.

एक आधीच सांगतो, कमांडची आणि एररची नावं मी इथे देवनागरीत लिहिलीयत, टर्मिनलमध्ये टाईप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाकायची, ग्रिब_एलएस म्हणजे मधे अंडरस्कोर, जागा नाही.

फाईल आत कशी असते ते दोन मिनिटांत

ग्रिब हा जागतिक हवामान संघटनेचा फॉरमॅट आहे. फाईल म्हणजे एकामागोमाग एक लावलेल्या मेसेजची माळ समजा, एका मेसेजमध्ये सहसा एकच गोष्ट, म्हणजे जमिनीपासून २ मीटरवरचं तापमान, अमुक वेळेचं, अख्ख्या ग्रिडवरचं (ग्रिड म्हणजे नकाशावर ठराविक अंतराने आखलेले बिंदू). दुसऱ्या मेसेजमध्ये वाऱ्याचा पूर्व-पश्चिम घटक, तिसऱ्यात पाऊस, असं शेकडोंनी. प्रत्येक मेसेज ग्रिब ह्या चार इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो आणि चार सात आकड्यांनी, ७७७७ ने, संपतो. सुरुवातीपासून आठवा बाइट आवृत्ती सांगतो, १ किंवा २. दोन्ही आवृत्त्यांत ती माहिती आठव्याच बाइटवर आहे, हे फार सोयीचं आहे.

मेसेज एकमेकांवर अवलंबून नसतात. त्यामुळे दोन ग्रिब फाईली नुसत्या कॅट कमांडने जोडल्या तरी चालतात, आणि फाईल मधेच तुटली तरी तुटण्याच्या आधीचे मेसेज शाबूत असतात. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

पायरी १: जी उतरवली ती ग्रिबच आहे का

पहिले चार बाइट बघा. लिनक्स किंवा मॅकवर हेड कमांडला वजा सी ४ देऊन फाईलचं नाव द्या, ग्रिब अशी चार इंग्रजी अक्षरं दिसली पाहिजेत. मग टेल कमांडने तसेच शेवटचे चार बाइट बघा, ७७७७ दिसलं पाहिजे. दोन्ही दिसलं तर निम्मी काळजी मिटली.

पहिल्या चारात कोनी कंस आणि डॉकटाईप किंवा एचटीएमएल दिसलं तर तुमच्याकडे वेबपेज आलंय, फाईल आलीच नाही. हे सगळ्यात जास्त वेळा होतं. स्क्रिप्टने पत्ता बनवला, त्या पत्त्यावर अजून फाईल नव्हती, सर्व्हरने फाईल सापडली नाही असं पान पाठवलं आणि स्क्रिप्टने ते पान ग्रिबच्या नावाने सेव्ह केलं. फाईलचा साइज काही केबी एवढाच असेल तर समजून जा. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा ००यूटीसीचा रन, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीची मॉडेलची फेरी, आपल्याकडे पहाटे साडेपाचचा, पण त्याच्या फाईली साधारण साडेतीन तासांनंतर यायला लागतात, म्हणजे सकाळी नऊच्या पुढे, आणि लांबच्या दिवसांच्या फाईली त्याहून उशिरा. सकाळी सात वाजता त्याच दिवसाचा ००चा रन मागितला तर पानच मिळणार. तेव्हा आदल्या रात्रीचा १८यूटीसीचा घ्या.

पहिल्या अक्षरांत बीझेडएच दिसलं तर फाईल बीझिप२ ने दाबलेली आहे, आधी सोडवून घ्या. जर्मन हवामान खातं, डीडब्ल्यूडी, त्यांच्या आयकॉन मॉडेलच्या फाईली अशाच देतं.

सुरुवात बरोबर पण शेवटी ७७७७ नाही, तर डाउनलोड मधेच तुटलं. ईसीकोड्सची (ग्रिब वाचायची लायब्ररी, तिच्यासोबत कमांडही येतात) कमांड अशा वेळी एन्ड ऑफ रिसोर्स रीच्ड व्हेन रीडिंग मेसेज असं काहीतरी बोलते. जीएफएसची पाव डिग्रीची पूर्ण फाईल ५०० एमबीच्या आसपास असते आणि अशा एका रनच्या शंभरावर फाईली, गावाकडच्या नेटवर तुटणारच, त्यामुळे पूर्ण फाईल घेऊच नका. जीएफएसच्या फाईली देणाऱ्या नोमॅड्स सर्व्हरवर ग्रिब फिल्टर आहे त्यात हवे ते घटक आणि हवा तो चौकोन निवडता येतो, महाराष्ट्रापुरता पाऊस आणि तापमान घेतलं तर फाईल काही केबीत बसते. (मग साइज लहान म्हणून घाबरू नका, वरचं वेबपेजचं लक्षण आणि हे वेगळं कसं ओळखायचं तर पहिले चार बाइट.)

अजून एक प्रकार, विंडोजवाल्यांसाठी. पायथनमध्ये फाईल लिहिताना मोड डब्ल्यूबी द्यायचा, नुसता डब्ल्यू नाही, आणि वाचताना आरबी. टेक्स्ट मोडमध्ये लिहिलं की विंडोज प्रत्येक नवीन-ओळ बाइटच्या आधी एक बाइट घुसवतो. मग गंमत अशी दिसते की फाईलची सुरुवातही बरोबर, शेवटही बरोबर, पण साइज सर्व्हरवरच्यापेक्षा थोडा जास्त आणि डिकोडर म्हणतो राँग मेसेज लेंथ. जुन्या एफटीपी प्रोग्राममध्ये आस्की मोड चालू असला तरी हेच होतं. सर्व्हरवरचा साइज आणि तुमच्याकडचा साइज बाइटपर्यंत जुळवून बघा.

पायरी २: आत काय काय आहे ती यादी काढा

कोड लिहायच्या आधी यादी काढायची सवय लावून घ्या. ईसीकोड्स असेल तर ग्रिब_एलएस, एनसेप ह्या अमेरिकेच्या हवामान केंद्राचं टूल असेल तर डब्ल्यूग्रिब२. ग्रिब_एलएस प्रत्येक मेसेजची एक ओळ देतं, आवृत्ती, केंद्र, तारीख, ग्रिडचा प्रकार, कितव्या तासाचा अंदाज, कुठली पातळी, घटकाचं छोटं नाव आणि शेवटी पॅकिंगचा प्रकार. केंद्राच्या रकान्यात केडब्ल्यूबीसी म्हणजे अमेरिकेचं एनसेप, ईसीएमएफ म्हणजे युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ. आकड्यांत बघितलं तर एनसेप ७, ईसीएमडब्ल्यूएफ ९८, आणि नवी दिल्ली २८.

इथे एक जुना गोंधळ आहे. डब्ल्यूग्रिब आणि डब्ल्यूग्रिब२ ही दोन वेगळी टूलं आहेत, पहिलं फक्त आवृत्ती १ वाचतं आणि दुसरं फक्त आवृत्ती २. जुन्या ट्युटोरियलमधली कमांड नवीन फाईलवर चालवली की ते रेकॉर्डच नाहीत असं सांगतं आणि माणूस परत डाउनलोड करत बसतो. आठवा बाइट बघा, प्रश्न मिटतो. ईसीकोड्सला दोन्ही आवृत्त्या चालतात.

तुम्ही आयडीएक्स फाईल वाचून फक्त हवा तो तुकडा उतरवत असाल तर इथे थोडं थांबा. जीएफएसच्या प्रत्येक फाईलसोबत एक आयडीएक्स फाईल असते, त्यात प्रत्येक मेसेज कितव्या बाइटला सुरू होतो ते लिहिलेलं असतं. कुठे संपतो ते लिहिलेलं नसतं, ते पुढच्या ओळीच्या सुरुवातीतून एक वजा करून काढायचं, आणि शेवटच्या ओळीला पुढची ओळच नसते म्हणून तिथे फाईल संपेपर्यंत मागायचं. सुरुवातीला एक बाइट जास्त धरला गेला तर पहिलं अक्षर जातं आणि फाईल आरआयबी अशी सुरू होते, मग डिकोडरला त्यात एकही मेसेज सापडत नाही. ग्रिब_काउंट शून्य म्हणालं तर हेच तपासा.

आणि अमेरिकेच्या काही मॉडेलांत, उदाहरणार्थ नॅममध्ये, वाऱ्याचे दोन्ही घटक एकाच मेसेजमध्ये कोंबलेले असतात, यादीत ते १२.१ आणि १२.२ असे दिसतात आणि दोघांचा सुरुवातीचा बाइट एकच असतो. वरची वजाबाकी तिथे केली तर शेवट सुरुवातीच्या आधी येतो. अशा वेळी पुढची वेगळी सुरुवात सापडेपर्यंत खाली जायचं.

पायरी ३: आता डिकोडर

फाईल बरोबर आहे, यादी येतेय किंवा यादीच येत नाहीये, तर आता इन्स्टॉलेशनकडे बघा. पायथनमधलं सीएफग्रिब स्वतः काही डिकोड करत नाही, ते खाली ईसीकोड्सला काम सांगतं, ईसीकोड्स सापडलं नाही की कॅनॉट फाइंड द ईसीकोड्स लायब्ररी. पायथनला वजा एम देऊन सीएफग्रिब सेल्फचेक चालवा, ते सगळं जागेवर आहे का ते एक-दोन ओळींत सांगतं. नवीन माणसाला माझा सल्ला एकच, कोंडा-फोर्जवरून (तयार पॅकेजं मिळतात ती जागा) ईसीकोड्स, सीएफग्रिब आणि एक्सअ‍ॅरे (ग्रिडचे आकडे हाताळायची पायथन लायब्ररी) एकाच वेळी, एका नव्या कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका. जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एक एक करत टाकलं की आवृत्त्या जुळत नाहीत.

बूट.डेफ सापडत नाही असा एरर आला तर तुमच्या मशीनवर दोन ईसीकोड्स आहेत असं धरून चाला, एक सिस्टिमचं आणि एक कोंडाचं. डेफिनिशन्स म्हणजे घटकांची नावं, टेबलं असलेलं एक फोल्डर असतं, प्रोग्राम एकाचा आणि फोल्डर दुसऱ्याचं असं झालं की हा एरर येतो. कोड्स_इन्फो कमांड आवृत्ती आणि फोल्डरचा पत्ता दोन्ही दाखवते. कधीतरी कुठल्यातरी ट्युटोरियलवरून ईसीकोड्स_डेफिनिशन_पाथ हा व्हेरिएबल सेट करून ठेवलेला असतो आणि विसरलेला असतो, तो काढून बघा.

यादी नीट येते पण आकडे वाचायला गेलं की पडतं, असं झालं तर ते जवळजवळ नेहमी पॅकिंगचं प्रकरण असतं. ग्रिबमध्ये आकडे सरळ लिहिलेले नसतात. एक आधार-आकडा घेतात, बाकीचे त्याच्यापासून किती वर आहेत ते पूर्णांकांत लिहितात, आणि ते पूर्णांकही जागा वाचवायला वेगवेगळ्या पद्धतीने दाबतात. साधं पॅकिंग कुणीही उघडतं. जेपेग२००० साठी वेगळी लायब्ररी लागते. सीसीएसडीएससाठी एईसी नावाची लागते. ईसीएमडब्ल्यूएफने जून २०२३ मध्ये ४८आर१ ही नवीन सायकल, म्हणजे मॉडेलची नवीन आवृत्ती, आणली तेव्हा आवृत्ती २ च्या फाईली सीसीएसडीएसने दाबायला सुरुवात केली आणि ज्यांचं डिकोडर जुनं होतं त्यांच्या चालत्या स्क्रिप्ट त्या दिवशी बंद पडल्या, कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसताना. त्यामुळे काल चालत होतं आज चालत नाही असं झालं की पॅकिंगचा रकाना बघा, कालच्या फाईलचा आणि आजच्या. ग्रिड_सीसीएसडीएस लिहिलं असेल आणि एरर सीसीएसडीएस सपोर्ट नसल्याचं म्हणत असेल तर नवीन ईसीकोड्स टाकणं एवढाच उपाय.

बिट्स-पर-व्हॅल्यू शून्य दिसलं तर घाबरू नका. अख्ख्या चौकोनात एकच आकडा असला, जसं महाराष्ट्राच्या चौकोनात बर्फाची जाडी सगळीकडे शून्य, तर डेटा लिहायची गरजच नसते, आधार-आकडा पुरतो.

छोट्या नावाच्या जागी अननोन आलं तर फाईल खराब नसते, तुमच्या टेबलात तो घटक नाही एवढंच. ग्रिब_गेटने डिसिप्लिन, पॅरामीटर-कॅटेगरी आणि पॅरामीटर-नंबर हे तीन आकडे काढा. ०-०-० म्हणजे तापमान, ०-१-८ एकूण पाऊस, ०-२-२ आणि ०-२-३ वाऱ्याचे दोन घटक. नंबर १९२ ते २५४ मधला असेल तर तो त्या केंद्राने स्वतःपुरता ठेवलेला घटक आहे, त्याचा अर्थ त्याच केंद्राच्या टेबलात सापडेल, दुसऱ्याच्या टेबलात शोधलात तर भलताच अर्थ मिळेल.

पायरी ४: सीएफग्रिबचा तो प्रसिद्ध एरर

मल्टिपल व्हॅल्यूज फॉर युनिक की. हा एरर म्हणजे बिघाड झालेला नाही. एक्सअ‍ॅरेला एका घटकाचा एक नीट ठोकळा हवा असतो, आणि जीएफएसच्या फाईलीत २ मीटर, १० मीटर, ८० मीटर, वेगवेगळे दाब, जमीन, ढगांचा तळ असं सगळं एकत्र असतं, ते एका ठोकळ्यात मावत नाही. एररच्याच खाली तो काय काय फिल्टर लावता येईल ते सुचवतो, लोक लाल अक्षरं बघून तिथपर्यंत वाचतच नाहीत. बॅकएंड_केडब्ल्यूआर्ग्स मध्ये फिल्टर_बाय_कीज द्यायचं, तापमानासाठी टाइप-ऑफ-लेव्हल हाइट-अबव्ह-ग्राउंड आणि लेव्हल २, वाऱ्यासाठी लेव्हल १०, पावसासाठी टाइप-ऑफ-लेव्हल सरफेस आणि स्टेप-टाइप अ‍ॅक्युम. एकेक घटक वेगळा उघडा आणि मग जोडा. सगळं एकदम बघायचं असेल तर सीएफग्रिबचं ओपन_डेटासेट्स हे फंक्शन जमतील तेवढे ठोकळे करून त्यांची यादी देतं.

इथेच अजून एक त्रास. सीएफग्रिब फाईल उघडली की शेजारी स्वतःची एक आयडीएक्स फाईल बनवतं. ही आणि सर्व्हरवरची आयडीएक्स ह्यांचा काही संबंध नाही, नाव फक्त सारखं. रोज त्याच नावाने नवीन फाईल सेव्ह करत असाल तर जुनी आयडीएक्स पडून राहते आणि कधी सूचना येते, कधी विचित्र एरर येतो. डाउनलोडच्या आधी जुन्या आयडीएक्स डिलीट करा किंवा इंडेक्सपाथ रिकामा ठेवा. मी फाईलच्या नावात तारीख आणि रन टाकायला लागलो तेव्हापासून हा त्रास मला परत झालेला नाही.

पायरी ५: जागा बरोबर आहे का

नाशिक साधारण २०.० उत्तर आणि ७३.८ पूर्व. जीएफएसच्या पाव डिग्री ग्रिडवर सगळ्यात जवळचा बिंदू २०.०, ७३.७५. पूर्ण जगाचं ग्रिड १४४० गुणिले ७२१, म्हणजे १०,३८,२४० बिंदू, हा आकडा ग्रिब_डंपमध्ये दिसला पाहिजे.

एक्सअ‍ॅरेमध्ये १५ ते २३ अक्षांश असा स्लाइस दिला आणि रिकामा डेटा आला, हे प्रत्येकाला एकदा होतंच. पूर्ण जगाच्या फाईलींत अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहिलेले असतात, ९० पासून उणे ९० पर्यंत, म्हणून स्लाइसही २३ ते १५ असा उलटा द्यायचा. रेखांश जीएफएसमध्ये ० ते ३६० असतात, आपल्याला त्रास नाही, पण अमेरिकेत किंवा ब्राझीलमध्ये कुणासाठी काढत असाल तर उणे रेखांशात ३६० मिळवा.

जागा तपासायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पायथन बाजूला ठेवून कमांडने त्याच बिंदूचा आकडा काढणं. ग्रिब_एलएसला वजा एल देऊन २०.०,७३.७५,१ लिहा, शेवटचा १ म्हणजे सगळ्यात जवळचा एकच बिंदू. डब्ल्यूग्रिब२ ला वजा लॉन देऊन ७३.७५ मग २०.० लिहा. क्रम बघितलात का, एकात आधी अक्षांश, दुसऱ्यात आधी रेखांश. ग्रिब_एलएसमध्ये उलटं टाकलं तर एरर येत नाही, तुम्हाला नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्राचं तापमान मिळतं. मे महिन्यात नाशिकला तीन-चार डिग्री आलं तर ओळखाल, पण पावसाचा आकडा तिथलाही शून्य आणि इथलाही शून्य असला तर कळणारच नाही. म्हणून जागा नेहमी तापमानावर तपासा, पावसावर नको.

डीडब्ल्यूडीचं जागतिक आयकॉन मॉडेल वापरत असाल तर तिथे अक्षांश-रेखांशाचे रकानेच सापडणार नाहीत, कारण त्याचं ग्रिड त्रिकोणांचं आहे. सीलॅट आणि सीलॉन नावाच्या दोन वेगळ्या फाईली तिथेच मिळतात, त्या घेऊन जोडाव्या लागतात. नवीन असाल तर सध्या ह्या वाटेला जाऊ नका, जीएफएस किंवा ईसीएमडब्ल्यूएफवर हात बसू द्या.

पायरी ६: आकडा खरा आहे का

तापमान केल्विनमध्ये येतं, २७३.१५ वजा करा, हे सगळ्यांना माहीत असतं. दाब पास्कलमध्ये, १०० ने भागा. पण दाबात एक फसगत आहे, एसपी म्हणजे जमिनीवरचा दाब आणि पीआरएमएसएल म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला दाब. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे एसपी ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास दिसतो आणि नवीन माणसाला वाटतं डिकोड चुकलं किंवा चक्रीवादळ आलं. दोन्ही बरोबर आहेत, वेगळ्या गोष्टी आहेत.

९९९९ किंवा ९.९९९ गुणिले १०चा २०वा घात असे आकडे दिसले तर ते डेटा नाही हे सांगायला ठेवलेले आकडे आहेत, पहिला ईसीकोड्सचा, दुसरा डब्ल्यूग्रिब२ चा. मातीच्या ओलाव्याला समुद्रावर आकडा नसतोच. कोकण किनाऱ्याचा चौकोन घेऊन सरासरी काढली आणि हे आकडे आधी गाळले नाहीत तर सरासरीला काही अर्थ उरत नाही.

आता पाऊस. इथे सावकाश वाचा.

ईसीएमडब्ल्यूएफच्या फाईलीत एकूण पाऊस मीटरमध्ये असतो आणि रन सुरू झाल्यापासून साठत गेलेला असतो. ०.०१२ म्हणजे १२ मिलिमीटर. २४ ते ३० तासांतला पाऊस हवा तर ३० तासांच्या फाईलीतून २४ तासांचा वजा करायचा, सरळ हिशोब.

जीएफएसमध्ये पाऊस किलो प्रति चौरस मीटर, म्हणजे मिलिमीटरच, पण साठवण दर सहा तासांनी परत शून्यावर येते. ३ तासांच्या फाईलीत ० ते ३ चा पाऊस, ६ च्या फाईलीत ० ते ६ चा, ९ च्या फाईलीत ६ ते ९ चा, १२ च्या फाईलीत ६ ते १२ चा. मी सुरुवातीला दर तीन तासांची फाईल घ्यायचो आणि सगळ्यांची बेरीज करायचो. समजा खरा पाऊस तीन-तीन तासांना २, ४, १, ५ मिलिमीटर पडणार आहे, एकूण १२. फाईलीत दिसणार २, ६, १, ६, आणि बेरीज १५. एरर नाही, आकडा दिसायलाही बरा, फक्त खोटा. एका ऑक्टोबरमध्ये मी असे वाढीव आकडे आठवडाभर ग्रुपवर देत होतो आणि एका बागायतदार काकांनी फोन करून विचारलं की दादा तुमचा पाऊस रोज आमच्या मापकापेक्षा जास्तच का येतो, तेव्हा मी यादी उघडून स्टेप-रेंजचा (कुठल्या तासापासून कुठल्या तासापर्यंत) रकाना पहिल्यांदा नीट वाचला. त्या आठवड्यात दोघातिघांनी माझ्या भरवशावर फवारणी पुढे ढकलली होती, ते अजून मनात आहे.

शिवाय जीएफएसच्या फाईलीत पावसाच्या दोन नोंदी असतात, एक ही सहा तासांवर शून्य होणारी आणि दुसरी रनच्या सुरुवातीपासून साठलेली. पहिल्या सहा तासांच्या फाईलीत दोन्ही सारख्याच दिसतात म्हणून फरक लक्षात येत नाही. पायथनने त्यातली कुठली उचलली हे नशिबावर सोडू नका, स्टेप-रेंज बघून ०- ने सुरू होणारी मुद्दाम निवडा आणि वजाबाकी करा. ० तासाच्या फाईलीत पाऊस नसतोच, सापडलं नाही असा एरर आला तर ते बरोबर आहे.

वजाबाकी केल्यावर उणे ०.०१ असा आकडा आला तर तो पॅकिंगमधल्या राउंडिंगचा, शून्य धरा. उणे ५ आला तर शून्य धरून पुढे जाऊ नका, तुम्ही दोन वेगळ्या प्रकारच्या नोंदी एकमेकांतून वजा करताय.

वेळेचंही बघा. फाईलीतली वेळ यूटीसी, आपली साडेपाच तास पुढे. ००च्या रनचा २४वा तास म्हणजे उद्या पहाटे साडेपाच. पण आपलं हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतं, म्हणजे ०३यूटीसी ते ०३यूटीसी. तुमचा अंदाज खात्याच्या नोंदीशी किंवा शेतातल्या पर्जन्यमापकाशी ताडून बघायचा असेल तर २७व्या तासातून ३रा तास वजा करा, २४ वजा शून्य नको. पावसाळ्यात पहाटेची एक जोराची सर आकडा ह्या दिवसातून त्या दिवसात टाकते आणि माणूस मॉडेलला दोष देत बसतो. दुपारचं कमाल तापमान शोधताना सहा-सहा तासांच्या फाईली घेतल्या तर साडेअकरा आणि साडेपाच एवढंच मिळतं, ०९यूटीसीची घ्या, ती दुपारी अडीचची.

जाता जाता, पुण्याच्या हवामान खात्याच्या साइटवरून पावसाच्या जुन्या नोंदींची जीआरडी फाईल घेतलीत तर ती ग्रिब नाही, कुठलंच ग्रिब टूल तिला उघडणार नाही. ती नुसती चार-चार बाइटच्या आकड्यांची रांग आहे, १३५ रेखांश आणि १२९ अक्षांश, ६६.५ पूर्व आणि ६.५ उत्तरपासून पाव-पाव डिग्रीने, नसलेल्या डेटाला उणे ९९९. एका दिवसाचे ६९,६६० बाइट होतात, फाईलचा साइज त्याने भागला की ३६५ किंवा ३६६ आलं पाहिजे. इथे अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, वरच्या ग्रिबच्या उलट, म्हणून दोन्ही एका नकाशावर टाकताना भारत उलटा दिसला तर कारण हे.

एवढं करूनही अडलं तर

तुटलेल्या फाईलीतून जे शाबूत आहे ते वाचवायचं असेल तर ग्रिब_कॉपीला वजा एफ देऊन नवीन फाईलीत उतरवा, एरर आला तरी ते थांबत नाही. 

आणि कुणाला विचारायचं असेल तर चालत नाही एवढंच लिहू नका, सांगणाऱ्यालाही काही सुचत नाही. फाईल कुठल्या मॉडेलची, कुठल्या रनची, साइज किती बाइट, पहिले आणि शेवटचे चार बाइट काय, ग्रिब_एलएसच्या पहिल्या दहा ओळी, कोड्स_इन्फोमधली आवृत्ती, आणि एरर पूर्ण, त्याचा फोटो नको, मजकूर कॉपी करून. फाईल लहान करून द्या, ग्रिब_कॉपीला वजा डब्ल्यू देऊन त्यात शॉर्टनेम बरोबर टीपी लिहिलं की फक्त पावसाचे मेसेज वेगळे निघतात, तेवढी फाईल कुणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते, फक्त डॉक्युमेंट म्हणून पाठवा.